दोरांचा वृक्ष

अमरकोशाच्या वारिवर्गात डोलकाठीस ‘गुणवृक्षक’ असे एक नाव आहे. गुण म्हणजे दोर; तेव्हा गुणवृक्षक म्हणजे दोरांचा वृक्ष. हा शब्द आम्ही वर्षानुवर्षे वर्गात शिकविला. त्याचा प्रत्यय मात्र निवृत्तीनंतर, नातवाच्या शिडाच्या नौकेने दिला.

नौका खेळण्यातली म्हणून वाचकांनी हसू नये. १९८८ साली सुरू झालेल्या ‘वन मीटर’ वर्गाच्या नियमांस धरून ती बांधली आहे. लांबी १ मीटर. वजन ४ किलोहून कमी चालत नाही. काठावरून रेडिओने दोनच गोष्टी साधतात: सुकाणू वळविणे आणि शिडांचा दोर ओढणे वा सोडणे. डोलकाठीचा कल, शिडाचा फुगवटा हे सारे नौका पाण्यात सोडण्यापूर्वी हातानेच ठरवावयाचे असते. वारा मंद असेल तर शीड फुगीर हवे, जोराचा असेल तर सपाट. अशा ठिकाणी पक्की गाठ उपयोगी नाही. पाहिजे तेव्हा सरकावे आणि एरवी जागचे हलू नये, असे काही तरी लागते.

शिडाच्या दोऱ्यांपुरती ही अडचण आमच्या सूनबाईंच्या शिवणाच्या डब्याने सोडविली. सदऱ्याचे बटण घ्यावे. दोऱ्याचे टोक त्याच्या एका भोकात गाठीने अडकवावे. दोरा कडीतून वळवून परत आणावा आणि उरलेल्या भोकांतून ओवून शिडाकडे न्यावा. ताण पडला की बटण तिरपे होऊन दोरा आवळते. ढिला करून सरळ धरले की सरकते. बालवीरांच्या तंबूच्या दोरीवरील भोके पाडलेली लाकडी पट्टी हेच काम करते.

डोलकाठी ताणून धरणाऱ्या तारांना मात्र बटण पुरेना. तेथे पितळेची नळी घेऊन तिच्या एका टोकास उजवा व दुसऱ्यास डावा आटा पाडतात. नळी फिरविली की दोन्ही टोके एकदमच आत येतात. २ मिलिमीटरच्या नेहमीच्या स्क्रूचा आटा ०.४ मिलिमीटरचा, म्हणजे एका फेऱ्यास तार ०.८ मिलिमीटर आखडते. भोसरीच्या एका लहान कारखान्यातील लेथवरच्या गृहस्थांपाशी इतका बारीक डावा टॅप नव्हता. त्यांनीच युक्ती सांगितली: एका टोकास आटा ठेवावा, दुसऱ्या टोकाची कडी नुसती फिरती करावी. फेऱ्यास ०.४ मिलिमीटरच सरकते, पण बेत अधिकच बारीक साधतो. हादऱ्याने नळी फिरू नये म्हणून वर एक नट आवळून ठेवावयाचा.

आमचे पिंपळे गुरव पवनेच्या काठी खरे, पण येथील पात्रात जलपर्णी माजते. म्हणून नौका घेऊन आम्ही वर पवना धरणाच्या जलाशयावर जातो.

येत्या जूनमध्ये नातू शिकावयास बाहेरगावी जाणार. त्याने केव्हा उठावे, कोठे जेवावे, दिवसातून कितीदा फोन करावा, यांचे नियम घरात रोज नव्याने ठरत आहेत. चिरंजीवांचा आग्रह असा की, सारे आताच पक्के बांधून द्यावे. आमचे मत निराळे पडते. तो दूर गेल्यावर आपल्या हाती फार तर सुकाणू आणि एक दोर राहील. ताण आज घरीच नीट लावून द्यावेत. परंतु तिकडचा वारा पाहून ते सैल वा घट्ट करावयाची सोय त्याच्या हाती असू द्यावी. सौ. आमच्या बाजूच्या आहेत. चिरंजीवांचा निर्णय अद्याप व्हावयाचा आहे.