उखळी तोफ आणि तिसरा घटक

इंग्रजीतल्या 'मॉर्टर'ला मराठीत उखळी तोफ म्हणतात. या शब्दापाशी आम्ही पुन:पुन्हा थबकतो, याचे कारण शहापूर आणि मुरबाड हा भाताचा मुलूख आहे. गिरण्या येण्यापूर्वी येथल्या घरोघरी भात कांडला जाई तो उखळात. लग्नातला घाणा भरायचा तोही उखळातच, मुसळांना आंब्याची पाने बांधून. घराचे पोट ज्या वस्तूवर चाले तिचेच नाव एका संहारक यंत्राला लाभावे, ही गोष्ट साधी नाही.

रचनेपुरते पाहिले तर शब्द चपखल आहे. आखूड, आकाशाकडे तोंड केलेली नळी. तीत गोळा वरून सोडायचा. तळाच्या खिळीवर तो आदळला की दारू पेटते आणि गोळा आल्या वाटेने उसळतो. उखळ आणि मुसळच ते. इंग्रजी शब्दाच्या मुळाशीही खलच आहे. जपानी भाषेत जुन्या घडणीच्या अशा तोफेला 'क्यूहो' म्हणतात. त्यातले पहिले अक्षर 'उसु'चे, म्हणजे भात कांडण्याच्या उखळाचेच. भात खाणाऱ्या दोन दूरच्या भाषांना एकच उपमा सुचली.

दुसऱ्या महायुद्धात जपानी पायदळाने जी भारी उखळी तोफ वापरली ती 94 नमुन्याची, 90 मिलिमीटर व्यासाची. जपानी राजवंशाच्या 2594 व्या वर्षावरून, म्हणजे आपल्या 1934 वरून, तिला हे नाव मिळाले. वजन दीडशे किलोंच्या वर, गोळा पाच किलोंचा, पल्ला पावणेचार किलोमीटरांचा. धक्का शोषणारी यंत्रणा वगळून केलेला पुढचा 97 नमुना सुमारे 50 किलोंनी हलका होता. जंगलात वजनाचे मोल फार. रस्ता नाही, गाडी नाही. नळी, पाया आणि दुपायी टेकू सुटे करून जनावराच्या पाठीवर किंवा माणसाच्या खांद्यावर न्यायचे.

एवढा खटाटोप कशासाठी, हे माहुलीच्या किंवा सिद्धगडाच्या रानात फिरलेल्याला सांगावे लागणार नाही. तेथे दहा पावलांपुढचे दिसत नाही. मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर 2 जानेवारी 1943 रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मे झाले, ते पोलिसांच्या बंदुकीच्या गोळीने. ती गोळी सरळ जाते. झाड किंवा खडक तिला अडवू शकतो. उखळी तोफेचा गोळा डोंगर ओलांडून पलीकडे जवळजवळ उभा कोसळतो. फांदीला लागून वरच फुटला, तर उघड्या खंदकातही आसरा उरत नाही.

मार्च 1944 मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला हे मराठी शिपायांनी भोगले. तेथे 50 व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडबरोबर पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती. टेकडीवर पाणी नव्हते. थोडे खणताच कातळ लागे, त्यामुळे खंदक उथळ राहिले. त्यांवर पहाडी तोफांचा आणि उखळी तोफांचा मारा होत राहिला. 26 मार्चच्या रात्री उरलेल्यांना वेढ्यातून निसटण्याचा हुकूम मिळाला. तोवर जपानी फौजेचे मोलाचे दिवस तेथे खर्ची पडले होते.

येथे आमचा शब्दाशी खरा वाद सुरू होतो. कांडणात तीन घटक असतात: उखळ, मुसळ आणि दाणा. तोफेच्या नावात पहिला आहे, गोळ्याच्या रूपाने दुसरा आहे. तिसऱ्याचा उच्चार नाही. उपमा तोफेमागे उभे राहून केलेली आहे, खंदकात बसून नव्हे. म्हणी तरी काय सांगतात? उखळ पांढरे होते ते धन्याचे. उखळात डोके घातल्यावर मुसळाला भिऊ नये, हा उपदेशही डोके बाहेर असलेलाच करतो. महाभारतकाराने मात्र तिसऱ्याकडे पाहिले. मौसलपर्वात मुसळाचे चूर्ण करून समुद्रात टाकले तरी ते एरका गवत होऊन उगवते, आणि यादव परस्परांनाच कांडून संपवतात.

मुसळ चालवणाराही दाणा होऊ शकतो, हे त्याच मोहिमेत दिसले. जपानी फौज निघाली ती जेमतेम तीन आठवड्यांची शिधासामग्री घेऊन. इंफाळ पडले नाही, पाऊस आला, रसद आली नाही. सुमारे 30 हजार जपानी सैनिक मेले. त्यांतले पुष्कळसे उपासमारीने आणि रोगराईने. परतीच्या चिखलात जड तोफा टाकून द्याव्या लागल्या. खांद्यावर उखळ वाहून आणलेल्या त्या शेतकऱ्यांच्या मुलांजवळ अखेरीस मूठभर तांदूळ नव्हता.

परिभाषाकोशातून हा शब्द काढून टाकावा, असे आमचे म्हणणे नाही. तो नेमका आहे. युद्धाविषयीचे मराठी लेखन वर्गात वाचताना आम्ही विद्यार्थ्यांना एवढेच विचारतो: या वाक्यात दाणा कोण आहे? बहुतेक वेळा त्यांना तो वाक्याबाहेर शोधावा लागतो.