दिवाडी बेटावरील तीन दिवस

तेल्हाऱ्याहून उत्तरेस पाहिलें म्हणजे सातपुड्याची निळी रांग दिसते. दक्षिणेस पूर्णेचें सपाट, काळें खोरें पसरलेलें आहे. समुद्र मात्र कोणत्याच दिशेस नाहीं. त्यामुळें आमच्या वऱ्हाडांतील मनुष्यास बेट ही वस्तु बहुधा भूगोलाच्या पुस्तकांतच भेटते. ‘चोहोंकडून पाण्यानें वेढलेला भूभाग’ ही व्याख्या वर्षानुवर्षें मुलांकडून पाठ करवून घेणारा मास्तरहि पुष्कळदां बेट न पाहतांच सेवानिवृत्त होतो. गेल्या माघांत आमच्या घरचीं लहानथोर सात माणसें गोव्यांतील दिवाडी बेटावर तीन दिवस राहून आलीं. तशा प्रवासाचा बेत करूं इच्छिणाऱ्या कुटुंबांस उपयोगी पडेल, या हेतूनें चार गोष्टी येथें लिहितों.

प्रथम स्थळाची निवड. बेट म्हटलें कीं तरुण मंडळींच्या तोंडीं अंदमान किंवा लक्षद्वीप हीं नांवें येतात. दोन्हीं ठिकाणें सुंदर खरींच. परंतु एक फार दूर, आणि दुसऱ्यास जाण्यापूर्वीं सरकारी परवाना लागतो. म्हातारीं माणसें आणि लहान मुलें बरोबर असतां, हातीं तीनचारच दिवस असतां, निम्मा वेळ जाण्यायेण्यांत खर्च करणें शहाणपणाचें नव्हे. दिवाडी हें समुद्रांतील बेट नसून मांडवी नदीच्या मुखाजवळील खाडींतील बेट आहे. लाटांची गर्जना तेथें नाहीं. परंतु भरतीओहोटी आहे, नारळीच्या बागा आहेत, भाताचीं विस्तीर्ण शेतें आहेत आणि मुख्य म्हणजे शांतता आहे.

मार्ग असा. अकोला किंवा शेगांव येथून रेल्वेनें कल्याणपर्यंत जावें, तेथून पनवेल गांठावें, आणि कोकण रेल्वेनें करमळीस उतरावें. हा लोहमार्ग १९९८ च्या जानेवारींत संपूर्ण खुला झाला. थिवी स्थानक सोडल्यावर खिडकीशीं बसावें. करमळी येण्यापूर्वीं गाडी मांडवीवरील पुलानें जाते ती या दिवाडीवरूनच. मात्र बेटावर तिला थांबा नाहीं! ज्या ठिकाणीं मुक्काम करावयाचा तें आधीं डोळ्यांखालून घालावें, पुढें करमळीस उतरून जुन्या गोव्याच्या धक्क्यावर यावें आणि फेरीबोटीनें पुन्हां मागें जावें, असा हा गमतीचा प्रकार आहे. बोटीचा प्रवास अवघ्या कांहीं मिनिटांचा. पायीं जाणाऱ्यास भाडें पडत नाहीं. रायबंदराहूनहि बेटावर बोट जाते.

व्याकरणाची आवड असलेल्या वाचकांस एक गोष्ट सांगावीशी वाटते. ‘द्वीप’ हा शब्द द्वि आणि अप् यांपासून झाला. दोहों बाजूंस पाणी आहे तें द्वीप. पाणिनीनें ज्या सूत्रांत हा शब्द सिद्ध केला, त्याच सूत्रानें ‘समीप’ हा शब्दहि सिद्ध होतो. म्हणजे दूर पाडणारें पाणी आणि जवळ आणणारें पाणी एकाच नियमाच्या पोटीं आहे. घरांत एका छपराखालीं राहूनहि ज्या माणसांस परस्परांशीं निवांत बोलावयास वेळ मिळत नाहीं, तीं बेटावर गेल्यावर कशीं समीप येतात, हें आम्हीं प्रत्यक्ष पाहिलें.

आतां बेतांतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : विश्रांति कोणाची? आपल्या एकत्र कुटुंबांत प्रवासाची चर्चा निघाली म्हणजे वडील मंडळी देवदर्शन मागतात, मुलें पाणी मागतात, कर्ते पुरुष खर्चाचा आंकडा मागतात. घरांतील बायकांस मात्र कोणी विचारीत नाहीं. आणि मग स्टोव्ह, पोळपाट, लाटणें, लोणच्याची बरणी आणि मेतकुटाचा डबा असा सरंजाम बरोबर निघतो. हा प्रवास नव्हे. हें स्वयंपाकघराचें स्थलांतर होय! जी सून घरीं चुलीपाशीं उभी असते ती परगांवींहि तेथेंच उभी राहते. फरक इतकाच कीं, तेथें तिला डबे सांपडत नाहींत. म्हणून आम्हीं निघण्यापूर्वींच ठरविलें कीं, फराळाच्या दोन डब्यांपलीकडे कांहीं न्यावयाचें नाहीं. बेटावर पाहुण्यांस उतरवून घेणारीं घरें आहेत. अशा एका घरीं आधीं बोलून, शाकाहारी जेवण वेगळ्या भांड्यांत शिजवून मिळेल अशी व्यवस्था करून घेतली. भात, मुगागांठी, नीरफणसाचीं कापें, खतखतें, सोलकढी असें साधें आणि रुचकर अन्न मिळालें. ज्यांस सोंवळ्याचा आग्रह आहे त्यांनीं फळें, दूध आणि घरचा फराळ यांवर तीन दिवस काढावे. परंतु आपल्या नियमाचा भार दुसऱ्याच्या पाठीवर टाकूं नये.

याचा परिणाम दुसऱ्या दिवशीं दुपारीं दिसला. जेवणें झाल्यावर आमचें कुटुंब ओसरीवरील दगडी बांकावर बसलें होतें. त्यास तिकडे ‘बाल्कांव’ म्हणतात. पुढें अंगणांत सुपाऱ्या वाळत होत्या. बराच वेळ तीं तशींच बसलेलीं पाहून मीं विचारलें, “बरें वाटत नाहीं कां?” त्यावर त्या म्हणाल्या, “अहो, तसं नाही. सकाळपासून मला कोणी हाकच मारली नाही.” यांत तक्रार होती कीं समाधान होतें, हें मला लगेच उमगलें नाहीं. संध्याकाळपर्यंत त्या तेथून हलल्या नाहींत, तेव्हां उमगलें. बेचाळीस वर्षांच्या संसारांत अशी दुपार त्यांच्या वांट्यास आली नव्हती.

पाहण्यासारखें बेटावर काय आहे? पहिल्या दिवशीं कांहींच पाहूं नये. दुसऱ्या दिवशीं उन्हें चढण्यापूर्वीं पिएदादच्या टेकडीवर जावें. माथ्यावर चर्च आहे. तेथून मांडवीचे फांटे, पलीकडील जुन्या गोव्याचे मनोरे आणि खालचीं हिरवीं शेतें एका दृष्टिक्षेपांत येतात. येथें पूर्वीं देऊळ होतें. चर्चजवळील दफनभूमींत एका लहान प्रार्थनागृहांत कदंबकालीन कोरीव काम अजून दिसतें. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं येथील देवळें पाडलीं. भक्तांनीं देव उचलून नदीपार नेले. बेटावरील गणपति अशा रीतीनें शेवटीं खांडोळ्यास स्थिरावला.

सर्वांत मोठें स्थलांतर सप्तकोटीश्वराचें. हें कदंब राजांचें आराध्यदैवत. त्यांच्या लेखांत त्याच्या वरप्रसादाचा उल्लेख येतो. चौदाव्या शतकांत बहामनी स्वारींत देऊळ उद्ध्वस्त झालें. त्याच शतकाच्या अखेरीस विजयनगरच्या माधवमंत्र्यानें तें पुन्हां उभारलें. आणि पुढें पोर्तुगीज अमलांत तें पुन्हां पडलें. लिंग मात्र वांचलें, व नदीपलीकडे डिचोली भागांतील नार्वे येथें त्याची प्रतिष्ठापना झाली. तेथील देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनीं १६६८ मध्यें करविला. तसा लेख देवळावर आहे. अलीकडे २०२३ मध्यें शासनानें त्याची पुन्हां डागडुजी करून तें लोकांस खुलें केलें. बेटाच्या उत्तर टोंकाहून फेरीबोटीनें पलीकडे उतरलें कीं नार्वें जवळच आहे. तिसऱ्या दिवशींची सकाळ या दर्शनासाठीं राखून ठेवावी.

हा इतिहास मुलांस सांगावा, लपवूं नये. परंतु सांगतांना एक विवेक ठेवावा. ज्या घरीं आपण उतरतों, ज्यांच्या हातचें जेवतों, ते बेटकर पुष्कळसे ख्रिस्ती आहेत. चारशें वर्षांपूर्वींच्या राज्यकर्त्यांच्या कृत्याचा जाब त्यांस विचारणें हें अज्ञानाचें लक्षण होय. आमच्या यजमानांच्या वृद्ध मातोश्रींनीं नार्व्याची बोट किती वाजतां सुटते हें स्वतः चौकशी करून सांगितलें, आणि देवास वाहावयास अंगणांतील जास्वंदीचीं फुलें दिलीं. नातवंडांनीं इतिहासाबरोबर ही गोष्टहि लक्षांत ठेवावी, असें मला वाटतें.

वऱ्हाडी शेतकऱ्यानें मात्र दुसरी एक गोष्ट पाहिल्यावांचून परत येऊं नये. ती म्हणजे खाजन शेती. भरतीच्या पाण्याच्या पातळीहून सखल असलेली ही जमीन मातीदगडांच्या बांधांनीं खाडीपासून राखलेली असते. बांधांत ठिकठिकाणीं लांकडी दारांचीं झडपें असतात. त्यांस ‘मानस’ म्हणतात. भरतीचें पाणी चढलें कीं त्याच्याच दाबानें दार मिटतें. ओहोटी लागली कीं आंतील पाण्याच्या दाबानें उघडतें. यंत्र नाहीं, इंधन नाहीं. केवळ चंद्राच्या गतीवर चालणारी ही व्यवस्था शतकानुशतकें चालू आहे. पावसाळ्यांत पावसाचें पाणी जमिनींतील खार धुवून काढतें, आणि कोरगुटासारखें खार सोसणारें भात तेथें पिकतें.

आमचा तेल्हारा तालुकाहि पूर्णेच्या खारपाणपट्ट्याचा शेजारी. या पट्ट्यांतील विहिरींचें पाणी खारें. पिण्यासाठीं सातपुड्याच्या पायथ्याच्या वान धरणाकडे तोंड करावें लागतें. आमचा खार जमिनीच्या पोटांतून वर येतो, त्यांचा बाहेरून चालून येतो. परंतु खाऱ्या पाण्याशीं भांडत न बसतां त्याच्या येण्याजाण्याची वेळ ओळखून शेती करणें, आणि बांधाची राखण सर्व गांवानें मिळून करणें, हा धडा आम्हांस घेण्यासारखा आहे. एकाचा बांध फुटला तर शेजाऱ्याचें भातहि खारें होतें. म्हणून तेथें बांध कोणा एकाचा नसतो. कोकण रेल्वेचा मार्ग गोव्यांत या खाजनांतून नेऊं नये, म्हणून १९९० नंतरच्या कांहीं वर्षांत तेथील लोकांनीं मोठी चळवळ केली होती, तिचें मर्म हा बांध पाहिल्यावर कळतें. ज्या गाडीनें आपण सुखानें येतों तिच्या भरावाखालीं कोणाची चिंता दडली आहे, हें प्रवाशानें जाणून असावें.

कांहीं व्यवहाराच्या सूचना. कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. पावसाळ्यांत बेट अतिशय हिरवें असतें. परंतु तिकडील पाऊस आमच्या पावसाच्या तिपटीहून अधिक, तेव्हां म्हाताऱ्यांनीं तो टाळावा. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारीं बेटावर ‘बोंदेराम’ नांवाचा निशाणांचा उत्सव होतो. तो पाहण्याजोगा आहे, परंतु विश्रांतीसाठीं जाणाऱ्यानें त्या दिवशींची गर्दी लक्षांत घ्यावी. पक्ष्यांची हौस असेल तर शेजारच्या चोडण बेटावर डॉ. सलीम अली यांच्या नांवाचें लहानसें पक्षी अभयारण्य आहे. रायबंदराहून तेथें बोट जाते. पायांत चालावयास सोपी वहाण असावी; औषधें घरूनच न्यावीं. गाण्याचा कर्णा, पत्त्यांचा आरडाओरडा आणि प्लास्टिकचा कचरा हीं तिन्हीं बेटावर नेऊं नयेत. तेथील शांतता बेटकरांची आहे. आपणांस ती तीन दिवस उसनी मिळते, आणि उसनी वस्तु जशीच्या तशी परत करावयाची असते.

शेवटची सूचना घरांतील कर्त्या पुरुषांस. परत आल्यावर प्रवासाचा हिशेब मांडाल तेव्हां गाडीभाडें, उतारा आणि जेवण यांखालीं रेघ ओढून थांबूं नका. घरांतील कोणत्या माणसास किती विसांवा मिळाला, हेंहि विचारा. ज्याच्या नांवापुढें शून्य येईल, त्याच्या सोयीनें पुढील प्रवासाची तिथि ठरवावी.