जोडसायकलीचा गिअर

नव्या यंत्राची किंमत दुकानदार सांगतो. परंतु त्याची आपल्याला गरज किती, हें ज्याचें त्यानेंच ठरवावें लागतें. गेल्या महिन्यांत असा एक प्रश्न आमच्या घरांत निघाला आणि त्याचें निमित्त मीच होतों.

चौतीस वर्षें मीं जिंतुरास संस्कृत शिकविलें. शाळेंत जाणें-येणें नेहमीं सायकलीवरून. निवृत्तीनंतर काचबिंदूनें दृष्टि क्षीण केली आणि सायकल सुटली. पाय धड असून पांगळेपण आल्यासारखें मला वाटे. गांवांतच वकिली करणाऱ्या पुतण्यानें तें ओळखलें. पुण्याचे दिव्यांशु गणात्रा यांची दृष्टि काचबिंदूनेंच गेली, तरी २०१६ सालीं डोळस सोबत्यासह जोडसायकलीवरून ते मनालीहून खारदुंगल्यास गेले, हें त्यानें मला सांगितलें; आणि दिवाळींत तशीच एक जुनी सायकल विकत आणली.

तिला दोन बैठका आणि पायडलांच्या दोन जोड्या. पुढचा वाट पाहतो, मागचा बळ देतो. दोन्ही पायडलें चेनीनें एकमेकांस बांधलेलीं. एक थांबला कीं दुसऱ्यानें थांबावें. नेमगिरीकडे चढ लागला कीं पुतण्या गिअर बदली. मला त्याची कल्पना नसे. पाय एकदम हलके पडत, चेन कडकडे. एकदां ती उतरलीच आणि आम्ही दोघेही काळ्या मातींत बसलों.

"काका, आपण विजेचा गिअर बसवूं," पुतण्या म्हणाला.

साध्या गिअरांत खटका दाबला कीं पोलादी तार ओढली जाते आणि चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकते. जोडसायकलीवर ही तार लांब. म्हणून घर्षण अधिक व खटका जड. विजेच्या गिअरांत बटण दाबतांच लहानशी मोटर तें काम करते. जपानच्या शिमानो कंपनीनें असा गिअर २००९ सालीं बाजारांत आणला. २०१५ सालीं अमेरिकेच्या स्रॅमनें बिनतारी काढला. बोटांत जोर नसलेल्यास तो खरोखर उपकारक. शिवाय बटण मागच्या हॅन्डललाही बसवितां येतें, या गोष्टीचा मला मोह पडला.

"बॅटरी उतरली तर तुम्हांला आणायला कोण जाईल, भाऊजी?" वहिनींनीं विचारलें. बॅटरी शेंकडों किलोमीटर टिकते, असें पुतण्यानें सांगितलें. तेव्हां ती शंका मिटली. पण खर्च सायकलीच्या किंमतीहून अधिक, आणि बिघाड झाल्यास येथें दुरुस्ती नाहीं. तार तुटली तर आमचे मिस्त्री अर्ध्या तासांत नवी घालतात. शिवाय चेन सरकतांना पाय दोघांनींही सैल सोडावेच लागतात; तें काम मोटर करीत नाहीं.

मग मीं विचारलें, "अरे, मागच्या चक्रांचा साधा खटकाच माझ्या हातीं दिला तर?"

मिस्त्रींनीं तो बसविला. तार निम्म्यानें आंखूड झाली आणि खटका हलका झाला. आतां पुतण्या "चढ आला" म्हणतो, मी "सोड" म्हणतों, आणि दोघांचे पाय सैल पडतांच खटका दाबतों. रस्ता त्याच्या डोळ्यांना दिसतो, चढाचा भार माझ्या पायांना कळतो. द्वंद्व समासांत दोन्ही पदें प्रधान असतात, हें मीं मुलांना वर्षानुवर्षें सांगितलें. त्याचा अनुभव मात्र आतां घेतों आहें.

विजेच्या गिअरास मी नांवें ठेवीत नाहीं. आमच्याकडे उणीव निराळी होती: मागें बसलेल्यास कोणी विचारीत नव्हतें, आणि त्यानेंही कधीं तोंड उघडलें नव्हतें.