पितळ, लाकूड आणि जानेवारी

सपाट लाकडात पितळ जडवायचं तर पत्र्यातून पान कापावं, तेवढाच खड्डा पटाशीनं काढावा, चिकटवावं, घासावं. गिटारचा फिंगरबोर्ड मात्र सपाट नसतो. (क्लासिकल गिटारचा असतो, तिला तूर्त सूट.) पोलादी तारांच्या गिटारवर तो आडवा किंचित फुगलेला, अनेकदा बारा इंची त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. दोन इंच रुंदीत मध्य कडांपेक्षा जेमतेम एक मिलिमीटर वर. पण सगळी गोम त्याच मिलिमीटरात आहे. तेवढ्याच जाडीचा सपाट पत्रा बसवून वरून बाक आणायला घासत गेलात, तर कडेला पत्रा संपतो आणि मध्यावर तसाच राहतो. म्हणून रुंद नक्षी एकतर तुकड्यातुकड्यांनी बसवायची, नाहीतर पत्र्यालाच आधी बाक द्यायचा.

पॉलिशपेपर लाकूड भराभर खातो, पितळ दाद देत नाही. जोर लावावा तर पितळ तापतं, खालचं इपॉक्सी मऊ पडतं आणि पान जागचं हलतं. घासायचं, थांबायचं, बोट टेकवून बघायचं. फिक्या लाकडाच्या रंध्रांत धातूचा काळसर चुरा शिरला की निघता निघत नाही. आबनूस त्या मानानं भला. काळ्यात सगळं खपतं.

जर्मनीत ही हौस जुनी. हॅम्बुर्गच्या योआखिम टिल्केनं (१६४१–१७१९) गिटारी आणि व्हायोला द गांबा हस्तिदंत, आबनूस, कासवाची पाठ यांच्या वेलबुट्टीनं मढवल्या. बघताना वाजवायचं विसरावं इतकं ते काम देखणं आहे. हीच त्याबद्दल माझी तक्रारही आहे.

मला खरं जडावकाम वाटतं ते पडद्यांचं, म्हणजे फ्रेट्सचं. टिल्केच्या काळी पडदे आतड्याच्या दोरीचे, गळ्याभोवती बांधलेले असत. मिरजेच्या सतारीवर धातूचे कमानदार पडदे आजही दोऱ्यानं बांधतात. सूर हलला की पडदा सरकवता येतो. गिटारचा पडदा एकदा बसला की बसला. खाचेत शिरणाऱ्या त्याच्या पट्टीला बारीक काटे असतात, तेच लाकडाला धरून ठेवतात. पडद्याची तार आधी फिंगरबोर्डापेक्षा थोडी जास्त वाकवून घ्यायची, टोकं आधी ठोकायची, मग मधला भाग. सरळ तार ठोकली, तर टोकं उचलली जातात.

ही तार बहुधा जर्मन सिल्व्हरची, म्हणजे आपल्याकडे पूजेच्या ताटांत दिसतं तेच. तांबं, निकेल, जस्त. चांदी औषधालाही नाही. सॅक्सनीतल्या श्नेबर्गमध्ये अर्न्स्ट ऑगस्ट गाइटनरनं १८२३ साली हा मिश्रधातू बनवला. त्याच सॅक्सनीत मार्कनॉयकिर्शन आहे. तिथं व्हायोलिन करणाऱ्यांचा संघ १६७७पासूनचा. गिटार कोणी करायची यावरून हा संघ आणि सुतार यांच्यात बराच काळ भांडण चाललं. तिथल्या सुताराच्या घरात जन्मलेला ख्रिस्तियान फ्रेडरिक मार्टिन १८३३ साली न्यूयॉर्कला निघून गेला आणि अमेरिकेतल्या सर्वात नामांकित गिटार कंपन्यांपैकी एक त्याच्या नावानं उभी राहिली. गावाचं नुकसान झालं, असं मी म्हणेन.

पण भांडण नुसतं माणसांत नसतं. लाकूड हवेप्रमाणे फुगतं, आक्रसतं. धातूला ओल-कोरडं काही कळत नाही. आपल्याकडे आषाढात दारं घट्ट होतात, तसं इथं जर्मनीत जानेवारीत उलटं होतं. खिडक्या बंद, हीटिंग चालू, घरातली हवा कोरडी ठाक. फिंगरबोर्ड अंगानं बारीक होतो आणि पडद्यांची टोकं कडेनं बाहेर डोकावतात. गळ्यावरून हात फिरवला की मांजरीच्या नख्यांसारखी बोचतात. पडदे वाढले, असं लोक म्हणतात. वाढलेलं काही नसतं. कारागीर टोकं कानशीनं घासून देतो. पण शहाणा असेल तर आधी लाकडाला पाणी पाजा म्हणतो. हवेत ओल परतली की बरीच टोकं आपोआप आत जातात.

तेव्हा पुण्याहून गिटार घेऊन इकडे येणार असाल, तर ती रेडिएटरशेजारी उभी करू नका. केसमध्ये ओलावा देणारी डबी ठेवा, आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास राखा, आणि कानस हातात घ्यायची घाई करू नका.