सँ नाझेर : न ऐकलेला स्फोट

२८ मार्च १९४२. मध्यरात्र उलटून गेल्यावर फ्रान्समधील सँ नाझेर बंदरात ‘कॅम्पबेलटाउन’ ही जुनी ब्रिटिश विनाशिका कोरड्या गोदीच्या दारावर जाऊन आदळली. जर्मनांची ‘टिर्पिट्झ’ ही प्रचंड युद्धनौका सामावू शकेल अशी अटलांटिक किनाऱ्यावरील ती एकमेव गोदी. कमांडो गोदीतील यंत्रणा उद्ध्वस्त करत लढले. बरेच जण पकडले गेले. नौकेच्या पोटात सुमारे ४ टन स्फोटके दडलेली होती. कैद्यांनी त्याविषयी अवाक्षर काढले नाही. स्फोट झाला तो दुपारच्या सुमारास. गोदी युद्ध संपेपर्यंत निकामी राहिली.

या मोहिमेत १६९ जण कामी आले. पाच व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले. मला मात्र ते मधले तास अस्वस्थ करतात. रात्रीच धारातीर्थी पडलेल्यांना आपले यश कळलेच नाही. दरवर्षी ही तारीख आली, की तो स्फोट त्यांच्या वतीने आपण ऐकावा, असे वाटते.