फायटर, विझार्ड आणि सुकतीची वेळ

५ जुलै २०२५, अलिबाग

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. मासेमारीची बंदी ३१ जुलैपर्यंत, त्यामुळे कोळीवाड्यात होड्या वर ओढून ठेवलेल्या. दुपारभर पडवीत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा डाव चालला. सगळी पात्रं आता पाचव्या लेव्हलला आली आहेत. भाची फायटर, शेजारचा मुलगा विझार्ड, भाचीची कोळीवाड्यातली मैत्रीण भिंती चढणारी, कुलपं उघडणारी थीफ. मी डंजन मास्टर, म्हणजे डाव चालवणारा.

चाच्यांचं टोळकं दारात दिसताच विझार्डने फायरबॉल टाकला. एका फेरीत सगळे आडवे. पुढच्या दालनातही तेच. मग तो म्हणाला, “आता झोपू या, स्पेल परत येतील.” भाचीची तलवार म्यानातच राहिली. रात्री जेवताना तिने विचारलं, “मामा, माझा क्लासच कमजोर आहे का?”

तिने या पात्रासाठी घराणं, गाव, कपाळावरच्या व्रणाची गोष्ट असं सगळं रचलंय. तिला खरं उत्तर मिळायला हवं.

६ जुलै, आषाढी एकादशी

खिचडी झाली आणि वही उघडली.

फायरबॉल म्हणजे सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी २८. वीस फूट त्रिज्येत जितके सापडतील तितक्यांना, चपळाईने निसटला त्याला निम्मं. चार चाचे पुरते सापडले तर ११२. भाचीची दोन्ही हातांनी धरायची तलवार: दोन फासे अधिक ताकदीचे ४, सरासरी ११. पाचव्या लेव्हलला एका फेरीत दोन वार, दोन्ही लागले तर २२. अ‍ॅक्शन सर्ज वापरला तर चार वार, ४४. कागदावर सामना एकतर्फी दिसतो.

पण प्रत्येक फायरबॉलला तिसऱ्या पातळीचा एक स्लॉट खर्च होतो, आणि विझार्डकडे ते दोनच. आर्केन रिकव्हरीने दिवसातून एकदा, तासभराच्या विश्रांतीनंतर आणखी एक मिळतो. म्हणजे दिवसाला तीन फायरबॉल, आणि ते पुन्हा भरायला आठ तासांची मोठी विश्रांती लागते. तलवारीचे वार संपत नाहीत, अ‍ॅक्शन सर्जही तासाभराच्या विश्रांतीनंतर परत येतो. २०१४च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये दिवसाला सहा ते आठ चकमकी धरलेल्या आहेत. आमच्या पडवीत दोन होतात आणि सगळे पथाऱ्या पसरतात. त्यामुळे कोणता क्लास भारी हे विचारण्याआधी दोन झोपांमध्ये किती लढाया होतात ते विचारायला हवं.

९ जुलै

कोणता क्लास भारी, हा वाद खेळाइतकाच जुना. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी खेळ आणला तेव्हा क्लास तीनच होते: फायटिंग-मॅन, मॅजिक-यूजर, क्लेरिक. थीफ १९७५च्या ग्रेहॉक पुरवणीत आला. पहिल्या लेव्हलच्या मॅजिक-यूजरला दिवसाला एकच स्पेल. तो टाकला की मागे लपायचं. त्यातून तो जगला तर मात्र पुढे कोणाला आवरायचा नाही. याची भरपाई त्यांनी अनुभवाच्या गुणांत केली होती. दुसरी लेव्हल गाठायला फायटरला २०००, मॅजिक-यूजरला २५००, थीफला फक्त १२००. ही योजना मला फार आवडते. सगळे समान नाहीत हे उघड मान्य करून प्रत्येकाची वाट वेगळ्या लांबीची ठेवलेली.

२०००च्या तिसऱ्या आवृत्तीत सगळ्यांना एकच तक्ता आला आणि वरच्या लेव्हलला विझार्ड सुसाट सुटला. २००८च्या चौथ्या आवृत्तीने सगळ्या क्लासना एकाच साच्यातल्या शक्ती वाटल्या. हिशेब जुळला, पण अनेक खेळाडूंना सगळी पात्रं सारखी वाटू लागली.

१३ जुलै

उपाय थीफ खेळणाऱ्या कोळीवाड्यातल्या मुलीने दिला. तिने सहज विचारलं, “किल्ल्यात सुकतीला शिरायचं ना? मग तिथी कोणती?”

आमचा काल्पनिक किल्ला कुलाब्यावरून बेतलेला आहे, सुकतीला, म्हणजे ओहोटीला, चालत जाता येतं, भरतीला चहूकडे पाणी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हे तिला तोंडपाठ. तिने अमावास्या निवडली: अंधार, आणि उधाण असल्यामुळे पाणी लांबवर सुकतं. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे रात्री सव्वाअकराला पूर्ण भरती, त्याआधी पाचच्या सुमारास पूर्ण सुकती, आणि पुढची सुकती पहाटे साडेपाचला.

संध्याकाळी वाट बुडायच्या आत शिरायचं. शत्रूची गलबतं रात्रीच्या भरतीबरोबर किल्ल्याला लागणार. मध्ये साधारण सहा तास. त्यात तासाभराचा विसावा बसतो, आठ तासांची झोप बसत नाही.

एकही नियम बदलावा लागला नाही.

२० जुलै

आज तो डाव झाला. पहिल्याच दालनात विझार्डचा हात फायरबॉलकडे गेला आणि थांबला. त्याने पहिल्यांदा स्लॉट मोजले. भाचीने जिना अडवून धरला. वर आलेले एकेक करून तिच्या तलवारीखाली. मध्ये तासभर दम घेतला, तिचा अ‍ॅक्शन सर्ज परत आला आणि गलबतांवरची माणसं तटाला भिडली तेव्हा चारही वार लागले. ती उभी राहून ओरडत होती.

थीफचं काय, हा प्रश्न उरला होता. विझार्ड म्हणाला, “मी फ्लाय घेतला तर हिची गरजच काय?” तेव्हा मी दर्यावर्दी लाय पाटलांची हकिगत सांगितली. जंजिऱ्याला मोरोपंत पिंगळ्यांचा वेढा होता. लाय पाटलांनी रात्री तटाला शिड्या लावल्या. मोरोपंतांची माणसं वेळेवर पोचली नाहीत, उजाडायला आलं, शिड्या काढून परतावं लागलं. शिवाजी महाराजांनी तरीही त्यांना पालखीचा मान देऊ केला. दर्यात वावरणाऱ्याला पालखी काय करायची, म्हणून ‘पालखी’ नावाचं गलबत दिलं, असं सांगतात. किल्ला हाती आला नाही, आणि मान मात्र शिडी लावणाऱ्याला मिळाला.

पाचव्या लेव्हलला फ्लाय एकालाच उडवतो, दहा मिनिटं, तेही एकाग्रता टिकली तर. शिडीवरून सगळे चढतात. एका क्लासने दुसऱ्यासाठी काय उघडलं, हे नुकसानीच्या आकड्यात कुठेच उतरत नाही. माझ्या वहीतल्या हिशेबात थीफसाठी रकानाच नव्हता, आता आखलाय.

विझार्ड निघताना विचारात होता. फ्लाय आणि फायरबॉल दोन्ही तिसऱ्या पातळीचे, स्लॉट दोन. थीफ त्याला सांगत होती, “तू फायरबॉलच ठेव, वर मी नेते.” भाचीला पुढच्या रविवारी पौर्णिमेचा डाव हवाय.