पागोळ्यांचा हिशेब

पांढुर्ण्याचे नाव घेतले की बाहेरच्या माणसाला दोनच गोष्टी आठवतात. एक संत्री आणि दुसरी गोटमार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळस रोवतात, पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे राहतात, आणि त्या दिवशी सारे जग आमच्या नदीकडे पाहते. चैत्र-वैशाखात तिच्यात पाणी आहे की नुसते गोटे, हे बघायला मात्र कोणी येत नाही.

१९५६ साली राज्ये नव्याने आखली गेली. नागपूर तिकडे गेले, आम्ही इकडे राहिलो. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके छिंदवाड्यातून काढून आमचा वेगळा जिल्हा झाला. बोली मात्र होती तीच राहिली. घरात आम्ही घरपट्टी म्हणतो, पावतीवर ‘संपत्ति कर’ असतो. पाणी आडवायचे म्हटले तर अर्जात ‘वर्षा जल संचयन’ लिहावे लागते. शब्द दोन्ही चांगले. प्रश्न पाण्याचा आहे.

आमच्या राज्याने २००६ साली नियम केला, की १४० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावर बांधकाम असेल तर छतावरचे पावसाचे पाणी जमिनीत मुरवलेच पाहिजे. जो मुरवील त्याला त्या वर्षाच्या घरपट्टीत ६ टक्के सूट. पुण्याचा माझा भाचा फोनवर म्हणाला, “मामा, आमच्याकडे सोलर, गांडूळखत, पाणी मुरवणे यांपैकी एक केलं तर ५ टक्के आणि दोन केली तर १० टक्के.” ऐकून बरे वाटले. पण आमच्या गल्लीतली बहुतेक घरे १४० चौरस मीटरच्या आतली. म्हणजे सक्ती नाही. आणि ज्याची घरपट्टी हजार रुपये, त्याला सूट मिळणार साठ रुपये. साठ रुपयांत पाइपाचे एक कोपरही धड येत नाही.

तरीही आमच्या गल्लीने पाणी मुरवले. कारण होती ती गल्लीतली जुनी विहीर. नळ आल्यावर तिच्यात निर्माल्य आणि फुटकी मडकी पडू लागली होती. उन्हाळ्यात टँकरमागे धावताना बायका तिच्याकडे बघत आणि गप्प होत. शेवटी निवृत्त गुरुजींनी खडू घेतला आणि ओट्यावरच हिशेब मांडला. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस फूट छप्पर, आणि वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटर धरला, तर नव्वद हजार लिटरांच्या वर. थोडे उडाले, थोडे सांडले, तरी सत्तर हजार कुठे गेले नाहीत. आमच्या पायाखाली काळा पाषाण. त्याच्या भेगांत मावेल तेवढेच पाणी, आणि तेही भोवतालचे बोअर रात्रंदिवस उपसतात. वरून घातल्याशिवाय खालून मिळणार कसे?

विहीर उपसली, गाळ काढला. शेजारी खड्डा करून त्यात गिट्टी, कोळसा आणि रेती भरली. पहिल्या पावसाचे घाण पाणी बाहेर सोडायचे, मग पुढचे खड्ड्यातून विहिरीत, असे ठरले.

खरी बोलाचाली पुढेच झाली. स्लॅबवाल्यांनी पैसे भरले होते. त्यांतले दोघे म्हणाले, ज्याचा पाइप त्याचे पाणी. कोपऱ्यावरच्या आजींचे घर कवेलूचे. त्यांना पाइपही नाही, सूटही नाही. गुरुजी म्हणाले, “आजी, तुमाले यात काही भेटनार नाही.”

आजी म्हणाल्या, “सूट कायले पायजे गुरुजी? माह्या घराच्या पागोळ्या त गल्लीतच पडतेत न जी. त्या बी घ्या इहिरीत.”

कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या वळचणीला पत्र्याची पन्हळ बसली. खर्च वर्गणीतून गेला. आणि विहीर साऱ्यांची, टंचाईत घरटी दोन गुंड आधी, मग इतर वापर, असे ठरले.

आता २०२४ पासून सूर्यघर योजना आली आहे. तीन किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान. रक्कम खरोखर मोठी आहे, आणि आमच्या गल्लीत काही गच्च्यांवर काळ्या पाट्या चमकू लागल्या आहेत. चांगलेच झाले. पण अनुदान मिळते ते स्वतःचे मजबूत छप्पर असणाऱ्याला. भाडेकरूच्या आणि कवेलूच्या घराचे काय, याला अर्जात रकाना नाही. विहिरीत तो रकाना आम्ही आपसांत पाडून घेतला, एवढेच.

सूट मिळते ती बांधकामाच्या वर्षी, एकदा. पन्हळीतली पाने मात्र दर वर्षी मृग लागण्याआधी काढावी लागतात, आणि कोळसा बदलावा लागतो. आमच्याकडे त्याचा वार ठरला आहे, रविवार. शिडी गुरुजींची, आणि चहा आळीपाळीने एकेका घरचा.